परिशिष्ट ब

तिसऱ्या घरातला दुसरा मुलगा.
गादी त्याच्यापासून इतकी लांब
की तिच्याकडे पाठ करून बसला
तरी कुणाचा अपमान होत नसे.
म्हणून त्याला भाषा शिकवल्या.

मी मासेरूला, परराष्ट्र खात्यात टंकलेखिका.
सत्तावीस वर्षं त्याची वाक्यं माझ्या बोटांखालून गेली.
आधी जिनीव्हाहून, पातळ कागदावर :
'आमच्या लहानशा देशाला खेद वाटतो की'
खेद, चिंता, पुन्हा खेद.
त्या शब्दाची अक्षरं माझ्या यंत्रावर
सगळ्यांत आधी झिजली.
एकदा समासात पेन्सिलीनं लिहून आलं,
'मा-लिनेओ, इथं तळं आहे.
एवढं पाणी, आणि कुणालाच विकायचं नाही.'

मग प्रिटोरिया.
त्या शहरात तेव्हा राजाच्या चुलतभावानंही
कुठल्या दारानं आत यायचं ते विचारावं, अशी रीत.
तो विचारत नसे.
पुढच्याच दारासमोर उभा राही
खांद्यावर कणसांच्या नक्षीचं घोंगडं घेऊन,
ते उघडेपर्यंत.
एकदा चाळीस मिनिटं. ड्रायव्हरनं मोजली होती.

करार पाण्याचा होता.
डोंगर आमचे, तहान त्यांची.
अकरा वर्षं ते घोंगडं भिजत पडलं,
त्याच्या खांद्यावरचं मात्र कोरडं.
मी चौदा मसुदे टंकले.
नवव्यात 'दरी' असा शब्द होता,
दहाव्यात 'बुडीत क्षेत्र',
बाराव्यानंतर नुसतं 'परिशिष्ट ब'.

सही झाली. बैल कापला गेला. तो मंत्री झाला.

दरीत सांगायला तो स्वतः गेला,
दोन दिवस तट्टावर, शेवटचा चढ पायी.
पीचची झाडं फुलली होती, त्यामुळे
कुणाच्या तोंडाकडे बघावं ते कळेना, म्हणाला.
सभेत नुकसानभरपाईचं सगळं वाचून झालं
तेव्हा पुलुमो नावाचा एक मेंढपाळ उठला.
टोपी काढून, दरबारी अदबीनं त्यानं विचारलं :
आमची थडगी वर नेणार, ठीक.
खाली ती उगवतीकडे बघतात.
वर नव्या जागी उगवतीला कडा आहे.
मग त्यांनी कुठं बघायचं, मोरेना?

सात देशांत ज्याला कधी शब्द कमी पडला नाही
त्यानं वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला.

परिशिष्ट ब, कलम चार, पोटकलम अ,
मीच टंकलं ते :
थडग्यांची दिशा.
एवढं एकच कलम चर्चेशिवाय मंजूर झालं,
त्याला खर्च नव्हता.

पुढे सरकार बदललं. आम्हांला रेडिओवर कळलं.
गाडीवरचा झेंडा त्यानं स्वतः उतरवून
घडी करून ड्रायव्हरच्या हातात दिला
आणि तो डोंगरात राहायला गेला.
मंत्रिपदावर पाणी सोडलं, असं लोक म्हणाले.
मला हसू आलं.
पाणी तर त्यानं कधीच सोडलं होतं,
उत्तरेला, बोगद्यातून, घनमीटरच्या हिशेबात.

निवृत्त झाल्यावर मी भेटायला गेले.
खाली सरोवर, काचेसारखं, भलत्याच निळ्या रंगाचं.
वर तो, दोन भावांमध्ये
एका लंगड्या गाईची वाटणी करत बसलेला.
थडगी कड्याकडे तोंड करून रांगेत,
ऊन त्यांच्यापर्यंत दहा वाजता पोचतं.

बायका हंडे घेऊन उतरत होत्या.
नळ नाही? मी विचारलं.
तो म्हणाला, यंत्र आणलंयस का?

आणलं होतं. कशासाठी, मला सांगता आलं नसतं.
मी कागद घातला. त्यानं घोंगडं सारखं केलं,
घसा खाकरला, सवयीनं सुरू केलं,
'आमच्या लहानशा गावाला खेद'
आणि थांबला.
खेद नको, म्हणाला. दुसरा शब्द लिही.
तुला माहीत आहे तो.

माहीत होता.
टंकायला मात्र वेळ लागला,
त्या शब्दाच्या कळा अजून कोऱ्या होत्या.